पेट्रोलचं मला सांगू नका

मित्राचा मुलगा. इंजिनिअर झाला, पुण्यात चांगल्या नोकरीला लागला. आज दुपारी ऐन गर्दीत त्याचा फोन. "काका, सेकंडहँड टीटी मिळतेय. ऑडी. क्वाट्रो. दलाल म्हणतो बाराचं ॲव्हरेज देते. घेऊन टाकू ना?" मागोमाग दलालाचा मेसेजही पाठवला. "मेंटेनन्स नील. फक्त पेट्रोल टाका अन् पळवा."

दुकानात गिऱ्हाईक उभं होतं म्हणून तोंड आवरलं. ते राहिलेलं आता लिहितोय.

माझ्याकडे तीच दोन दारांची स्पोर्ट्स गाडी आहे हे तुम्हाला माहीत आहे, तुमच्यातले निम्मे तिच्यात बसून मेहरूण तलावाला चक्कर मारून आलेत. तर ऐका. बाराचं ॲव्हरेज खोटं नाही. धुळ्याकडे हायवेला शांतपणे चालवली तर बारा-तेरा देते. जळगावात, आकाशवाणी चौकापासून पुढे, मे महिन्यात, एसी फुल्ल करून चालवली तर आठाच्या वर जाऊन दाखवा. क्वाट्रो म्हणजे चारही चाकांना ताकद, आणि तसं म्हटल्यावर मागे जाणारा शाफ्ट आला, मागचा डिफरन्शियल आला, ऐंशी-शंभर किलो जादा वजन आलं. ते फुकट फिरत नाही. त्यात आता पंपावर वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश ताकद कमी, आणि दहा टक्क्यांसाठी ट्यून केलेल्या गाडीचं ॲव्हरेज 6 ते 7 टक्के उतरेल हे नीती आयोगानेच 2021 च्या अहवालात लिहिलंय. (इथेनॉलमुळे मक्याला गिऱ्हाईक मिळतंय, त्याबद्दल मी काही बोलणार नाही. माझं दुकान मका लावणाऱ्यांवरच चालतं.)

पण हे सगळं धरूनही पेट्रोल हा या गाडीचा खर्चच नाही!

आमच्या सासऱ्यांची गोष्ट अर्ध्या गावाला माहीत आहे, तरी सांगतो. साखरपुड्याला चाळीसगावकडे निघालो होतो, सासरे शेजारी, पांढरं धोतर, मांडीवर आहेराची पिशवी. पाचोऱ्याच्या पुढे एक खड्डा आला. आवाज आला तेव्हाच कळलं. उतरून बघतो तर पुढच्या डाव्या टायरची बाजू बोटभर फाटलेली, आतले धागे बाहेर. क्रेनवाला आला आणि सवयीने पुढची चाकं उचलून मागची जमिनीवर ठेवायला निघाला. म्हटलं, बाबा, असं टोचन करायचं नाही, चारही चाकं एकमेकांना बांधलेली आहेत, मागचं सगळं जळेल. तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मला ऊन लागलंय. शेवटी जळगावहून सपाट ट्रक मागवला. त्याचं भाडं वेगळं.

टायरवाला म्हणाला, "भाऊ, एकच टाकून देऊ ना, बाकीचे तीन चांगले आहेत." चांगलेच होते, निम्मे झिजलेले. पण नव्या टायरला आठ मिलिमीटरची नक्षी असते आणि माझ्या जुन्याला उरली होती चार. म्हणजे जुन्याचा व्यास आठ मिलिमीटरने कमी. दर किलोमीटरला जुनं चाक नव्यापेक्षा सहा फेरे जास्त मारणार, आणि तो फरक मागच्या चाकांना ताकद जोडणाऱ्या कपलिंगमधल्या क्लचच्या चकत्या घासून घासून भरून काढणार. गरम होणार, तेल काळं होणार आणि एक दिवस खर्च लाखात. म्हणून चारही टायर. एकाचे वीस हजार धरा, झाले ऐंशी. बिल हातात घेऊन उभा होतो. सासऱ्यांनी एकदा बिलाकडे पाहिलं, एकदा गाडीकडे पाहिलं आणि विचारलं काय?

"हाई ॲव्हरेज कितलं देस?"

आता बसा हिशोबाला. वर्षाला सहा हजार किलोमीटर फिरली, दहाचं ॲव्हरेज धरलं तर सहाशे लिटर. अठरा देणारी साधी गाडी असती तर 333 लिटर. लिटरला 105 रुपये धरा, फरक पडतो 28 हजारांचा. एका खड्ड्याने त्या दिवशी जवळजवळ तीन वर्षांचा फरक खाल्ला. आणि लोक विचारतात ॲव्हरेज! पंपावरचा पोरगा विचारतो, सिग्नलला रिक्षावाला विचारतो, माझा सीए विचारतो. सीएने तरी विचारू नये.

मोटारपंप विकतो मी. शेतकरी किमतीसाठी तासभर घासाघीस करतो आणि रिवाइंडिंगला वर्षाला किती जातात हे कधी विचारत नाही. तसंच हे.

खरी मेख दुसरीकडेच आहे. 2015 मध्ये ही गाडी इथे आली तेव्हा शोरूमची किंमत 60 लाखांच्या वर होती. घसाऱ्याचा मार पहिल्या मालकाने खाल्ला, विम्याच्या तक्त्यातही पाच वर्षांत किंमत निम्मी धरतात. म्हणून आपल्यासारख्याला ती परवडते असं वाटतं. पण गाडीची किंमत उतरते, पार्टची उतरत नाही. हेडलाइट फुटला तर तो 60 लाखांच्या गाडीचाच हेडलाइट असतो. शिवाय कारखान्याने 2023 च्या नोव्हेंबरात ही गाडी बनवणंच बंद केलं. बरं, इंजिन त्याच घराण्यातलं स्कोडाच्या सुपर्ब आणि ऑक्टाव्हियातही आहे, त्यामुळे इंजिनाचे बरेच पार्ट मिळतात, हे कबूल. पत्रा आणि काचेचं मात्र काही खरं नाही.

"मेंटेनन्स नील" म्हणे. गिअरबॉक्सचं तेल 60 हजार किलोमीटरला. कपलिंगचं तेल दोन-तीन वर्षांनी, आणि नुसतं तेल बदलून भागत नाही, पंपाची बारीक जाळी काढून धुवावी लागते. ती तुंबली की पंप जळतो, मागच्या चाकांना ताकद जाणं बंद होतं आणि बऱ्याचदा डॅशबोर्डवर दिवासुद्धा लागत नाही. तुम्ही क्वाट्रो म्हणून मिरवताय आणि गाडी पुढच्या दोन चाकांवर चाललीय! इन्शुरन्स बघा. 1500 सीसीच्या वर नुसता थर्ड पार्टीच 2022 च्या दराने 7,897 रुपये. स्वतःच्या नुकसानीचा, झिरो डेपचा (घसारा न कापता भरपाई देणाऱ्या विम्याचा) हप्ता त्यावर वेगळा.

"मग ठेवलीस कशाला?" बायको दर महिन्याला विचारते. आपल्याकडे बर्फ नाही, पाऊस जेमतेम, आणि काळ्या मातीत तर ही गाडी बांधावरच पोट टेकते, तिथे चार चाकं काय कामाची. सगळं बरोबर आहे.

पण श्रावणात कन्नडचा घाट चढून बघा हो तिच्यात. पहाटेची वेळ, वाहतूक नाही, रस्ता ओला, वळणावर दगडावरून पाणी वाहतंय. तुम्ही वळणातून बाहेर पडताना पाय दाबता आणि मागून कुणीतरी हलकेच कमरेला हात देऊन पुढे सारावं तशी ती जाते. घसरत नाही, ओरडत नाही. सासरेसुद्धा एकदा होते सोबत. वरपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. वर गेल्यावर खिडकी खाली केली, "चांगली शे" म्हणाले, आणि दोन मिनिटांनी परत ॲव्हरेज विचारलं. माणूस मोठा आहे, काय बोलणार.

म्हणून त्या पोराला मी नको म्हटलं नाही. चोविसाव्या वर्षी नाही घ्यायची तर कधी, साठीत गुडघे दुखायला लागल्यावर? राग दलालाचा आहे. पोराच्या पहिल्या चार-पाच वर्षांच्या कमाईवर डोळा ठेवून हा गृहस्थ "नील" लिहितो आणि वर हात जोडल्याची इमोजी टाकतो.

पोराला एवढंच सांगितलंय. टायर चारही एकाच कंपनीचे आणि एकाच नक्षीचे आहेत का बघ. बाजूवर चार आकडे असतात, टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष, त्यांचा फोटो पाठव. कपलिंगच्या तेलाचं बिल माग, नसेल तर झालेलं नाही असं धर. विम्याचे जुने क्लेम काढ. आणि गाडीच्या किमतीवर दीड लाख बाजूला ठेवल्याशिवाय टोकन देऊ नकोस. दलालाला माझा नंबर दे खुशाल.

आता माझं काम. यंदा माझ्या गाडीच्या कपलिंगचं तेल करायचंय, जाळीसकट. गेल्या वेळी दूरच्या एका वर्कशॉपने जाळी न काढताच बिल लावलं. नाशिक किंवा संभाजीनगरला समोर उभं राहून काम करू देणारा कुणी मिस्त्री माहीत असेल तर इनबॉक्स करा. रविवारी उघडा असेल तर सोन्याहून पिवळं.