शेवटचे तीन फूट

सॅटेलाइट रेडिओच्या उपग्रहाबद्दल माझी अजिबात तक्रार नाही. विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर तो बिचारा रात्रंदिवस उभा असतो. तिथून त्याने सोडलेली बातमी सेकंदाच्या आठव्या भागात न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये, आमच्या गाडीच्या टपावर चिकटवलेल्या काडेपेटीएवढ्या अँटेनात बिनचूक येऊन पडते. घोळ होतो तो त्यानंतर. अँटेनातून आलेलं रिसीव्हरमध्ये न्यायचं आणि रिसीव्हरचा आवाज गाडीच्या स्टिरिओत घुसवायचा. डॅशबोर्डवरचे हे शेवटचे तीन फूट कुठल्याही शास्त्रज्ञाने मनावर घेतलेले नाहीत.

गोष्ट २००६ सालची. तेव्हा अमेरिकेत सॅटेलाइट रेडिओच्या दोन कंपन्या होत्या, एक्सएम आणि सिरियस. २००८ साली त्या एक झाल्या. एक्सएमने आपल्या पहिल्या दोन उपग्रहांची नावं रॉक आणि रोल ठेवली होती. अवकाशात एवढं महागडं यंत्र पाठवताना बारशाला कुणी थोरामोठ्यांना विचारलं नसावं. सिरियसचे तीन उपग्रह एका जागी न थांबता अमेरिकेवर आठाच्या आकड्यात फिरत. दोन्हींची वर्गणी महिन्याला १२ डॉलर ९५ सेंट. आम्ही एक्सएम घेतला.

"रेडिओला पैसे?" बाबांनी विचारलं. वीज मंडळातून निवृत्त झालेले बाबा सहा महिन्यांच्या व्हिसावर सांगलीहून आले होते, आणि घरातली प्रत्येक वायर आपल्या नजरेखालून गेली पाहिजे असा त्यांचा आग्रह होता.

"बाबा, तुम्ही नाही का पूर्वी पोस्टात जाऊन रेडिओचं लायसन काढायचात?"

"ते सरकारला द्यायचो."

यावर बोलण्यासारखं काही उरलं नाही.

रिसीव्हर सुरू करणं सोपं होतं, हे कबूल केलं पाहिजे. गाडी उघड्यावर उभी करायची, शून्य क्रमांकाच्या चॅनलवर रिसीव्हरचा आठ अक्षरी नंबर बघायचा आणि तो कंपनीला कळवायचा. या नंबरात ओ, आय, एस आणि एफ ही अक्षरं मुळी वापरलेलीच नाहीत. ओ की शून्य, एस की एफ, असा फोनवर घोळ नको म्हणून. ज्या कुणाला हे सुचलं त्याला माझा साष्टांग नमस्कार. त्याच माणसाला पुढचे तीन फूटही द्यायला हवे होते.

आमची गाडी नव्वदच्या दशकातली. तिला कॅसेट प्लेयर होता, ऑक्सचं, म्हणजे बाहेरचा आवाज वायरीने जोडायचं, भोक नव्हतं. तेव्हाच्या नव्या गाड्यांना ते असायचं, दोन्ही टोकांना पिना असलेली वायर लावली की झालं. पण नवी गाडी घेतली असती तर सॅटेलाइट रेडिओच्या वर्गणीला पैसे कुठून उरले असते?

मग पहिला मार्ग बिनतारी. रिसीव्हरच्याच पोटात एक चिमुकला एफएम ट्रान्समीटर असतो. एक रिकामी फ्रीक्वेन्सी शोधायची, तिच्यावर ट्रान्समीटर लावायचा, स्टिरिओ लावायचा, आणि आपल्याच गाडीत आपलं आकाशवाणी केंद्र सुरू. माहितीपुस्तिकेत हे एका वाक्यात उरकलं होतं. ते लिहिणारा एखाद्या वाळवंटात राहत असावा. न्यूयॉर्कच्या आसपास रिकामी फ्रीक्वेन्सी शोधणं म्हणजे शनिवारी संध्याकाळी ओक ट्री रोडवरच्या देशी बाजारात पार्किंग शोधणं. ८८.३ वर नूअर्कचं जॅझ. ८८.७ वर रटगर्स विद्यापीठाची पोरं. ८९.५ वर सीटन हॉल विद्यापीठाचं केंद्र. विद्यापीठ कॅथलिक, पण केंद्रावर बहुतेक वेळ कानठळ्या बसवणारं हेवी मेटल. ८९.९ वर कोलंबिया विद्यापीठ. ९१.१ वर जर्सी सिटीचं एक केंद्र, जिथे पुढच्या मिनिटाला काय वाजेल ते वाजवणाऱ्यालाही माहीत नसावं. शेवटी ८८.१ त्यातल्या त्यात शांत वाटली. म्हणजे खरखर फक्त डावीकडून येत होती.

त्यात हा ट्रान्समीटर कायद्यानेच अशक्त. तीन मीटरवर त्याची ताकद २५० मायक्रोव्होल्ट प्रतिमीटरच्या वर जाता कामा नये, असा नियम मी बाबांना वाचून दाखवला.

"मायक्रो?" बाबा म्हणाले. "आम्ही किलोव्होल्टच्या खाली बोलतच नव्हतो."

तेवढ्यावर ते थांबले असते, पण रूट वन हा हायवे लागला. लाल सिग्नलला आम्ही उभे. बाबांसाठी मुद्दाम बीबीसी वर्ल्ड सर्व्हिस लावली होती. शेजारी एक दणकट पिकअप येऊन थांबली, तिच्याही डॅशबोर्डवर तसलीच डबी लुकलुकत होती. आणि लंडनहून चाललेल्या गंभीर चर्चेच्या मधोमध एक गृहस्थ एका बाईंना जे प्रश्न विचारू लागले ते मी इथे लिहीत नाही. त्याच वर्षी जानेवारीत चावट बोलण्यासाठी गाजलेला हॉवर्ड स्टर्न सिरियसवर आला होता, तेव्हा बहुधा त्याचाच कार्यक्रम असावा. आमचे दोघांचे ट्रान्समीटर एकाच फ्रीक्वेन्सीवर आणि पिकअपवाल्याचा माझ्यापेक्षा तगडा. सिग्नल हिरवा झाला, पिकअप गेली, लंडन परत आलं.

"बीबीसी फार बदलली," बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले.

हे फक्त आमच्याच नशिबी होतं असं नाही. देशभर धार्मिक आणि सार्वजनिक केंद्रं ऐकणाऱ्या सज्जनांच्या गाड्यांत असले पाहुणे शिरत होते आणि त्यांच्या तक्रारी एफसीसीपर्यंत, म्हणजे रेडिओवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी आयोगापर्यंत, गेल्या होत्या. काही ट्रान्समीटर परवानगीपेक्षा मोठ्याने बोलतात असं आढळून आलं आणि दोन्ही कंपन्यांना काही मॉडेल सुधारावी लागली. आमचा मात्र नियमाप्रमाणे पुटपुटणारा होता. आपल्या घरात कायदा पाळणाऱ्याचंच ऐकू येत नाही, हे बायकोने तेव्हा कुठल्याशा वेगळ्याच संदर्भात ऐकवलं.

दुसरा मार्ग कॅसेट ॲडॉप्टरचा. आत फीत नसलेली, शेपटीला वायर असलेली ही कॅसेट प्लेयरमध्ये सरकवायची. आवाज खरोखरच छान येतो. पण आमचा प्लेयर ऑटो-रिव्हर्सवाला. फीत फिरत नाही म्हणजे बाजू संपली, असं समजून तो बाजू बदलायचा. मग तीही बाजू संपली म्हणून पुन्हा बदलायचा. खाट्, बीबीसी, खाट्, शांतता, खाट्, बीबीसी. मध्येच वैतागून कॅसेट तोंडाबाहेर काढायचा. शिवाय ग्लव्ह बॉक्समध्ये बायकोच्या नाट्यगीतांच्या कॅसेटी होत्या, त्यांची जागा या रिकाम्या डबड्याने अडवली. आकाशातल्या शंभरावर चॅनलांत मराठी एकही नाही, हेही तिने त्याच दिवशी तपासून घेतलं. ॲडॉप्टर रात्रीच्या आत दुकानात परत गेला.

राहिला तिसरा मार्ग, ज्याला जाणकार एफएम डायरेक्ट म्हणतात. स्टिरिओच्या पाठीमागे गाडीच्या अँटेनाची वायर येते. ती उपटायची, मध्ये एक डबी बसवायची आणि रिसीव्हरचा आवाज वायरीतूनच स्टिरिओला पाजायचा. हवेत काही सोडायचंच नाही, त्यामुळे पिकअपवाल्याची पीडा नाही. इथल्या मराठी मंडळातल्या एका सर्वज्ञ स्नेह्यांनी "अर्ध्या तासाचं काम" असं सांगितलं. मंडळात एकांकिकाही अर्ध्या तासाचीच असते.

स्टिरिओ बाहेर काढायला आधी ॲश ट्रे, मग गिअरभोवतीचं प्लॅस्टिक, मग एसीच्या जाळ्या. प्रत्येक प्लॅस्टिकला लपलेल्या खुंट्या, आणि प्रत्येक खुंटी "कट्" असा आवाज करते. सुटली की तुटली, ते तिला परत बसवेपर्यंत कळत नाही. बाबा बॅटरी धरून होते. लहानपणी हे काम माझं असे आणि प्रकाश कुठे पाडतोस म्हणून बोलणी खात असे. त्यांचा हात मात्र तासभर हलला नाही. हलत होती ती जीभ. "कोणी बांधलंय हे? वायरला रंग नाही, नंबर नाही. आमच्याकडे अशी पॅनेल मी पास केली नसती."

सगळं जोडून झालं. पुस्तिकेच्या हुकमाप्रमाणे आधी गाडीच्या बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवली होती, ती परत लावली. किल्ली फिरवली. स्टिरिओवर इंग्रजीत चारच अक्षरं उमटली: कोड.

स्टिरिओची वीज गेली की तो स्वतःला चोरीला गेलेला समजतो आणि गुप्त आकडे विचारतो. आकडे नसतील तर सिरियल नंबर सांगून ते मागवता येतात. सिरियल नंबर स्टिरिओच्या डोक्यावर चिकटवलेला, आणि स्टिरिओ नुकताच, सगळ्या खुंट्यांसकट, घट्ट बसवलेला. बाबांनी शांतपणे ॲश ट्रे पुन्हा माझ्या हातात दिला. कट्, कट्, कट्.

कोड मिळाला, आवाज आला, आणि त्याच्याबरोबर एक बारीक शिट्टीही आली. ॲक्सिलरेटर दाबला की तीही वरच्या पट्टीत जायची. आता बाबांचा काळ आला. त्यांनी मला गाडीबाहेर काढलं. "हा अल्टरनेटर ओरडतोय. दोन डब्यांचं अर्थिंग दोन ठिकाणी केलंयस. एका जागी आण." दोन्ही काळ्या वायरी एकाच नटखाली आवळल्या. शिट्टी गेली. ते हात पुसत आत जेवायला गेले, आणि जेवताना या विषयावर एक शब्दही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

पुढच्या रविवारी आम्ही प्रिन्स्टनला निघालो. टपावर अँटेना, तिची वायर डिकीच्या रबराखालून, मागच्या सीटखालून, दाराच्या पट्टीखालून पुढपर्यंत लपवलेली. बीबीसी अशी स्वच्छ, की निवेदकाने कागद उलटलेला ऐकू यावा. साधा पूल आला तरी चिंता नव्हती, कारण रिसीव्हर काही सेकंदांचा साठा जवळ बाळगून असतो. पण एका रुंद पुलाखाली ट्रॅफिक तुंबला आणि आम्ही नेमके त्याच्या पोटात अडकलो. साठा संपला. रेडिओ गप्प.

मी बाबांना समजावू लागलो, की उपग्रह तिकडे दक्षिणेला, मध्ये हे एवढं काँक्रीट, त्यामुळे लहरी काही...

बाबांनी हात उचलला आणि डॅशबोर्डवर सणसणीत दोन थापा मारल्या. त्याच क्षणी पुढची गाडी हलली, आम्ही पुलाखालून बाहेर आलो आणि बीबीसी सुरू झाली.

"लूज कॉन्टॅक्ट आहे कुठेतरी," बाबा म्हणाले. "घरी गेल्यावर परत उघड ते."