कुलूप काढणारा प्रत्येक जण घरफोड्या नसतो

सध्या एक मजकूर जोरात फिरतोय: "डिजिटल कुलूप तोडणारा प्रोग्रामर म्हणजे घरफोड्याच. अमेरिकेने त्या रशियन स्क्ल्यारोवला उचललं ते योग्यच, गुन्हा उघड होता. अशांना आत टाकलं नाही तर लेखक-कलावंत उपाशी मरतील."

डिजिटल कुलूप म्हणजे पुस्तक, गाणं, सिनेमा यांच्या फाइलची नक्कल किंवा वापर रोखणारी सोय. आधी घरफोडीचं बघू. घरफोड्या दुसऱ्याच्या घरात शिरतो. दिमित्री स्क्ल्यारोवने लिहिलेला आणि मॉस्कोच्या एल्कमसॉफ्ट कंपनीने विकलेला प्रोग्राम अ‍ॅडोबी या अमेरिकन सॉफ्टवेअर कंपनीच्या ई-बुकवरचे निर्बंध काढायचा, पण पुस्तक रीतसर विकत घेतलेलं असेल तरच. मग ते दुसऱ्या कॉम्प्युटरवर वाचता यायचं, प्रकाशकाने मोठ्याने वाचून दाखवायची सोय बंद केली असेल तर अंध वाचकाला ते ऐकता यायचं. त्यातून कोणी फुकट प्रती वाटू शकला असता, हे खरंच. मग वाटणाऱ्याला धरा की! कॉपीराइटचा कायदा त्यासाठी आधीपासून होताच. 1998 च्या डीएमसीए या अमेरिकेच्या डिजिटल कॉपीराइट कायद्याने मात्र असं हत्यार बनवून विकणं हाच वेगळा गुन्हा ठरवला. पहिल्याच गुन्ह्याला 5 वर्षांपर्यंत कैद आणि 5 लाख डॉलरपर्यंत दंड.

आता अटक. जुलै 2001 मध्ये लास वेगासच्या डेफकॉन या हॅकर्सच्या परिषदेत स्क्ल्यारोवने ई-बुकची कुलुपं किती तकलादू आहेत ते दाखवलं. एका कुलपात तर प्रत्येक इंग्रजी अक्षर 13 घरं पुढे सरकवलेलं होतं, एवढंच. 'ए'च्या जागी 'एन', 'बी'च्या जागी 'ओ'. अक्षरं 26, म्हणजे तीच क्रिया पुन्हा केली की मूळ मजकूर हजर. याला संरक्षण म्हणायला धाडस लागतं. 16 जुलैला तो मायदेशी निघाला असताना एफबीआयने त्याला पकडलं. खटला भाषणावर नव्हता, प्रोग्राम विकण्यावर होता, हे नोंदवायला हवं. पण तक्रार करणाऱ्या अ‍ॅडोबीनेच आठवड्याभरात, 23 जुलैला, त्याला सोडा असं जाहीर केलं. सरकारने ऐकलं नाही.

"गुन्हा उघड होता" हे तर साफ चूक. कंपनीविरुद्ध साक्ष देण्याच्या अटीवर डिसेंबर 2001 मध्ये त्याला घरी जाऊ दिलं. पुढच्या डिसेंबरात सॅन होजेच्या ज्युरीने एल्कमसॉफ्टला सगळ्या आरोपांतून निर्दोष सोडलं. कायदा जाणूनबुजून मोडल्याचं सरकारला सिद्धच करता आलं नाही. डीव्हीडीचं कुलूप उघडणाऱ्या प्रोग्रामसाठी नॉर्वेत योन लेक योहान्सनवर खटला भरला, तोही 2003 मध्ये दोनदा निर्दोष ठरला: आधी खालच्या कोर्टात, मग अपिलात.

राहिली उपासमार. 2009 मध्ये अ‍ॅपलने आयट्यून्स या आपल्या ऑनलाइन दुकानात विकल्या जाणाऱ्या गाण्यांची कुलुपं काढली, तीही संगीत कंपन्यांच्या संमतीने. गाणी त्यानंतरही विकली गेली.