बॅगेत तूरडाळ आणि कार्डावर ‘नाही’

भाची मेलबर्नला शिकायला निघाली आहे आणि ‘ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्यांनी हे वाचाच!!’ हा फॉरवर्ड तिच्या आईकडे तीन वेगवेगळ्या ग्रुपांवरून येऊन पोचला आहे. परिणाम म्हणजे दोन किलो तूरडाळ, आंबेमोहोर, जिरं, धने, ब्याडगी मिरच्या आणि पेढ्यांचा डबा बॅगेशेजारी रांगेत उभे आहेत. म्हणून हे लिहावं लागतंय.

फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात असं. ऑस्ट्रेलियन माणूस रोज कांगारू खातो, पाण्याऐवजी फॉस्टर्स बिअर पितो, रविवारी अंगणात कोळंबी भाजतो, पावाला गाईच्या मांसाचा काळा अर्क फासतो आणि इतका कंजूष असतो की घरी बोलावून ताट स्वतःचं आणायला सांगतो. शाकाहारी माणूस तिथे उपाशी मरतो. म्हणून सहा महिन्यांचं धान्य सोबत न्या, विमानात मिळणाऱ्या कार्डावर सगळीकडे ‘नाही’वर खूण करा, ‘कोणी बॅग उघडत नाही, आमच्या ओळखीतले सगळे असंच करतात.’

शेवटच्या सल्ल्यापासून सुरुवात करू, कारण बाकीचा मूर्खपणा निरुपद्रवी आहे, हा नाही.

ते कार्ड म्हणजे सही केलेलं कायदेशीर निवेदन आहे. मांस, अंडी, दूधदुभतं, फळं, भाज्या आहेत का, धान्य, बिया, वनस्पतींचे भाग, जडीबुटी, लाकडी वस्तू आहेत का, असं त्यात सरळ विचारलेलं असतं. सामान एक्स-रेखालून जातं, वास घेणारी कुत्री फिरत असतात. ‘नाही’ लिहून तूरडाळ सापडली तर २०१५ च्या जैवसुरक्षा कायद्याखाली जागेवरच दंड होतो, आणि तो डॉलरमध्ये असतो, चहापाण्याचा नव्हे. प्रकरण गंभीर वाटलं तर व्हिसा रद्द करून परतही पाठवू शकतात, विद्यार्थ्यांचासुद्धा. उलट ‘हो’ लिहिलं, वस्तू दाखवली आणि ती बंदी असलेली निघाली, तर ती काढून घेतात आणि तुम्ही पुढे जाता. दंड नाही. म्हणजे ‘हो’ लिहिण्यात नुकसान फार तर डाळीचं. हा एवढा हिशेब फॉरवर्ड लिहिणाऱ्याला जमला नाही.

आणि ही बंदी काही उगाच नाही. ऑस्ट्रेलियाच्या कृषी विभागाने २०२० मध्ये खापरा भुंगेरा या साठवलेल्या धान्यातल्या किडीमुळे एक यादी काढली. त्या यादीतले पदार्थ प्रवाशाच्या सामानातून किंवा टपालाने आणायला बंदी आहे, मग ते कुठल्याही देशातून येवोत. यादी वाचली की आपल्या स्वयंपाकघरातली फळी वाचल्यासारखं वाटतं: तांदूळ, गहू, हरभरा, तूर, मूग, मसूर, चवळी, जिरं, धने, बडीशेप, शेंगदाणे, सुक्या मिरच्या. ही यादी समोर ठेवून ताईच्या बॅगेतल्या कोरड्या सामानावर एकेक खूण करत जा, डाळ गेली, तांदूळ गेला, जिरं, धने, मिरच्या गेल्या. हाती काय उरलं? पेढे. तेही जाणार, त्याचं कारण वेगळं.

खापरा हा मूळचा आपल्याच उपखंडातला. पूर्ण वाढलेला किडा जेमतेम २-३ मिलिमीटरचा, पण खरा उपद्रव अळीचा. ती फटीत शिरून अन्नाशिवाय दीर्घकाळ तग धरते, धुरीला सहज दाद देत नाही आणि तिच्या टाकलेल्या कातीचे केस धान्यात मिसळून ते खाण्यालायक राहत नाही. २०२० मध्येच कॅनबेरात एका नव्या फ्रिजच्या वेष्टणात खापरा सापडला होता. धान्य निर्यात करून पोट भरणाऱ्या देशात ही कीड वसली तर गिऱ्हाईक देश माल घ्यायला नकार देतात. गंमत म्हणजे त्या निर्यातीत भारताला येणारा हरभरा आणि मसूरही असतो. लाडवासाठी बॅगेत भरलेलं हरभऱ्याचं पीठ मूळचं ऑस्ट्रेलियातलंच निघालं तरी आश्चर्य नको.

पेढे-बर्फीचं कारण लाळ्या-खुरकूत. आपल्याकडे गोठ्यागोठ्यात माहीत असलेला हा रोग ऑस्ट्रेलियात १८७२ नंतर दिसलेला नाही, आणि त्याचा विषाणू दुधातून जाऊ शकतो. म्हणून आपल्याकडची दुधाची मिठाई चालत नाही, दुकानातली सीलबंद असली तरी. ताजा कढीपत्ता, विड्याची पानं, फळं यांचा विचारही नको. आणखी एक चूक हमखास होते: विमानात जेवणासोबत मिळालेलं सफरचंद पर्समध्ये टाकून उतरणं. तेही फळच. कारखान्यात भाजलेले, तळलेले किंवा शिजवून सीलबंद केलेले पदार्थ खापऱ्याच्या यादीतून सुटतात, पण जाहीर तेही करायचे आणि इंग्रजी लेबल शाबूत ठेवायचं. घरचं मेतकूट आणि भाजणी इथेच अडकतात: पुडीत काय आहे हे अधिकाऱ्याला कळायला मार्ग नसतो. देशात शिरल्यावरही हे संपत नाही. पर्थला विमानाने जाताना मध नेता येत नाही, टास्मानियात फळं नेता येत नाहीत, विमानतळावर टाकायला पेट्या ठेवलेल्या असतात.

हे सगळं ओढून न्यायची गरजच नाही, हा मुख्य मुद्दा. मेलबर्नला डँडेनाँग, सिडनीला हॅरिस पार्क, इथे आख्खे रस्ते भारतीय वाणसामानाचे आहेत. शहरातल्या साध्या सुपरमार्केटमध्येही डाळ, बासमती आणि पापड मिळतात. ‘शाकाहारी उपाशी मरतो’ हे त्यामुळे खोटं.

पण अर्धं खरं आहे ते कबूल करतो, नाइलाजाने. जेवण मांसप्रधान आहे आणि मांस अनपेक्षित जागी लपलेलं असतं. काही फिश-अँड-चिप्सवाले बटाट्याचे चिप्स गोमांसाच्या चरबीत तळतात. विचारायचं ते ‘हे शाकाहारी आहे का’ असं नाही, ‘तळायला कुठलं तेल’ असं. जेली, मार्शमेलो, चघळायच्या गोळ्या, काही दही यांत जिलेटिन असतं. याउलट ‘चिकन सॉल्ट’ नावाचं पिवळं मीठ बघून आपली माणसं दचकतात. बऱ्याच ब्रँडच्या चिकन सॉल्टमध्ये कोंबडीचा अंशही नसतो, पाकीट उलटून वाचा. आणि अंडं न खाणाऱ्यांसाठी तिथली राष्ट्रीय म्हणावी अशी बिस्किटं, अँझॅक, मुळातच बिनअंड्याची आहेत: एकेक वाटी ओट्स, मैदा आणि साखर, पाऊण वाटी सुकं खोबरं, १२५ ग्रॅम लोणी, २ मोठे चमचे गोल्डन सिरप (साखरेचा घट्ट सोनेरी पाक), उकळत्या पाण्यात कालवलेला चमचाभर खायचा सोडा. करताना एक ध्यानात ठेवा: ऑस्ट्रेलियाचा मोठा चमचा २० मिलीचा, बाकी बहुतेक जगाचा १५ चा. तिथली कृती आपल्या चमच्याने मोजली की सिरप कमी पडतं आणि बिस्किट भुसभुशीत होऊन मोडतं.

आता तो ‘गाईच्या मांसाचा काळा अर्क’. व्हेजिमाइट. हे वाचून तर हसावं की रडावं कळेना. बिअर गाळून झाल्यावर उरलेल्या यीस्टचा हा अर्क, मेलबर्नला फ्रेड वॉकरच्या कंपनीत सिरिल कॅलिस्टर या रसायनतज्ज्ञाने १९२० च्या दशकात बनवला. मांस नाही, दूध नाही, मध नाही. गोमांसाचा अर्क असलेली काळी बाटली वेगळी, तिचं नाव बोव्हरिल आणि ती ब्रिटिश. यीस्ट जव-गव्हाच्या बिअरवरचं असल्याने ग्लुटेन वर्ज्य असणाऱ्यांनी मात्र जपावं.

परदेशी लोक व्हेजिमाइटला नावं ठेवतात कारण जॅमसारखं थापतात. १०० ग्रॅममध्ये साधारण ८ ग्रॅम मीठ आहे त्यात, थापल्यावर दुसरं काय होणार? लोणच्याचा खार कोणी वाटीने पितं का? पद्धत अशी: टोस्ट गरम असतानाच लोणी कडेपर्यंत लावायचं, ते वितळून पावात मुरू लागलं की सुरीच्या टोकावर पाव चमचा व्हेजिमाइट घेऊन ओढत न्यायचं, पाव मधूनमधून दिसला पाहिजे. टोस्ट थंड झाला की लोणी वितळत नाही, काळं एकाच जागी गोळा होतं आणि पहिला घास तिथलाच लागतो. आणखी एक, हल्ली बी-१२ साठी म्हणून घेणारे भेटतात: मूळच्या व्हेजिमाइटमध्ये बी-१, बी-२, बी-३ आणि फोलेट आहे, बी-१२ नाही. कमी मिठाच्या बाटलीत आहे.

ताट आणायला सांगणाऱ्या कंजुषांकडे वळू. निमंत्रणात लिहिलेलं असतं ‘ब्रिंग अ प्लेट’. याचा अर्थ सहा-आठ जणांत वाटता येईल असा एक पदार्थ करून आणा. आपल्याकडे भिशीला किंवा कोजागरीला ‘तू वडे आण, मी भेळ आणते’ चालतं तेच. फॉरवर्ड वाचून कोणी रिकामी स्टीलची थाळी घेऊन दारात उभं राहिलं तर हसं त्याचं होणार, यजमानाचं नाही. हाताने उचलून खाता येईल, गार झालं तरी चालेल असं न्यावं. कोथिंबीर वडी उत्तम, साबुदाणा खिचडी नको, कारण दाण्याचं कूट. शेंगदाण्याची ॲलर्जी तिथे फार गांभीर्याने घेतात, मुलं असतील तिथे तर जास्तच, त्यामुळे पदार्थात काय आहे त्याची चिठ्ठी सोबत लावायची. ताटलीच्या तळाला चिकटपट्टीवर नाव लिहा, नाहीतर ती परत मिळत नाही. ‘बीवायओ’ म्हणजे तुमचं पेय तुम्ही आणा. आणि ‘टी’ला बोलावलं तर चहा समजून घरी जेवून जाऊ नका, बऱ्याच घरांत ‘टी’ म्हणजे रात्रीचं जेवण, आणि ते संध्याकाळी सहा-साडेसहालाच वाढतात.

कोळंबीचा किस्सा पाच ओळींत. १९८४ मध्ये पॉल होगन या ऑस्ट्रेलियन विनोदी नटाला घेऊन अमेरिकन पर्यटकांसाठी एक जाहिरात केली, त्यातून ते ‘श्रिम्प ऑन द बार्बी’ (बार्बेक्यूच्या शेगडीवरची कोळंबी) जगभर गेलं. ऑस्ट्रेलियन माणूस ‘श्रिम्प’ म्हणतच नाही, ‘प्रॉन’ म्हणतो. शब्द बदलला तो अमेरिकनांना कळावा म्हणून. कोळंबी तो खातो ती बहुधा नाताळात, उकडून थंड केलेली, हाताने सोलून. शेगडीवर असतात सॉसेज आणि कांदा, एका पांढऱ्या पावात गुंडाळून वर टोमॅटो सॉस. मतदान केंद्राबाहेर हेच विकतात. शाकाहाऱ्याला नुसता कांदा-पाव मिळतो, पण कांदा त्याच तव्यावर सॉसेजच्या चरबीत परतलेला असतो हे जाणून घ्या. बागांमधल्या फुकट विजेच्या शेगड्यांवर भुट्टा किंवा पनीर भाजायचं असेल तर स्वतःचा तवा न्या किंवा जाड फॉइल अंथरा.

कांगारू सुपरमार्केटात मिळतं, हे खरं. पाळीव नसतं, जंगलातलं असतं, कोट्याप्रमाणे मारलेलं. दक्षिण ऑस्ट्रेलियात १९८० पासून, इतर राज्यांत १९९३ पासून माणसांनी खायला विकण्याची परवानगी मिळाली. रोज खाल्ली जाते ती कोंबडी.

फॉस्टर्स. ही बिअर मेलबर्नला १८८० च्या दशकात सुरू झाली एवढंच खरं. आज तिथल्या पबमध्ये ती शोधावी लागते. मोठी झाली ती बाहेर, जाहिरातींवर. आपल्याकडच्या फॉस्टर्सवर तर कांगारूचा पायही पडलेला नव्हता, ती औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला बनत होती. ऑस्ट्रेलियात बिअर राज्यानुसार बदलते: व्हिक्टोरियात व्हीबी आणि कार्लटन, क्वीन्सलँडला फोर-एक्स, ॲडलेडला कूपर्स. ग्लासांची नावंही बदलतात. ‘स्कूनर’ सिडनीत ४२५ मिलीचा, ॲडलेडला २८५ चा. माणशी दारू १९७० च्या दशकाच्या मध्यापासून बरीच उतरली आहे आणि बिअरच्या जवळपास बरोबरीने वाइनमधून पोटात जाते. पितात का? पितात, भरपूर पितात, हेही मान्य. ‘शाउट’चा रिवाज, म्हणजे प्रत्येकाने पाळीपाळीने सगळ्यांना पाजायचं, हा न पिणाऱ्याला अडचणीचा. पहिल्याच फेरीआधी ‘मी माझं घेते’ सांगितलं की कोणी आग्रह करत नाही. तिथे ‘लेमन, लाइम अँड बिटर्स’ बिनदारूचं म्हणून मागवतात, पण पबमध्ये त्यात बिटर्सचे थेंब टाकतात आणि बिटर्स ही कडक दारूच आहे. अजिबात नको असेल तर ‘बिटर्सशिवाय’ म्हणा. गाडी चालवायला रक्तातल्या दारूची मर्यादा ०.०५ टक्के, शिकाऊ आणि नवशिक्या परवान्यावर शून्य.

‘इंग्रजांसारखा चहाच पितात, कॉफी घेऊन जा’ अशीही एक ओळ होती. ज्या देशात इटालियन स्थलांतरितांनी गल्लीगल्लीत एस्प्रेसो रुजवला आणि जिथे २००८ मध्ये स्टारबक्सला ८४ पैकी ६१ दुकानं बंद करावी लागली, तिथे पुडीतली कॉफी न्या!

तर ताई, बॅगेतून डाळ काढ, कुकर ठेव. शिट्टी आणि एक जास्तीची रिंग घाल, ती तिथे शोधत बसावं लागतं. मिक्सर चालेल, वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची आहे, फक्त प्लगचे पाय तिरके चपटे असतात, त्याचं अडॅप्टर इथूनच घे. पोळपाट-लाटणं लाकडी असेल तर कार्डावर ‘हो’ लिहायला सांग, आणि त्याला कुठे साल किंवा किड्याचं भोक नाही ना, ते आजच उजेडात धरून बघ.