सासूबाईंचा प्रश्न उद्याचाच आहे

ताई,

‘डिमेन्शिया झालेल्या माणसाशी उद्याबद्दल बोलत राहा’ हे माझं वाक्य तुम्हाला लागलं. ज्या सासूबाईंना सकाळी आंघोळ झाली की नाही हे आठवत नाही, त्यांना उद्याचं विचारणं म्हणजे त्यांची परीक्षा घेणं, असं तुम्ही लिहिलंत. आणि शेवटी, ‘ती माणसं फक्त आत्तामध्ये जगतात, त्यांना तिथेच सुखाने राहू द्या.’

परीक्षेचा मुद्दा मान्य. माझं लिहिणं मोघम होतं. तसं वाचून कुणीही ‘मग, उद्या काय करायचं ठरवलंय?’ असंच विचारणार, आणि तो प्रश्न खरोखरच अवघड आहे. उद्याचं चित्र उभं करायला मेंदू जुन्या आठवणींतूनच माणसं, जागा, आवाज उचलतो आणि नव्याने जुळवतो. १९८१ साली मोटारसायकलच्या अपघातात मेंदूला इजा झालेला कॅनडातला एक रुग्ण ‘के. सी.’ या आद्याक्षरांनी ओळखला जातो. त्याला डिमेन्शिया नव्हता, पण स्वतःच्या आयुष्यातला एकही प्रसंग आठवत नव्हता. एन्डेल टल्विंग या मानसशास्त्रज्ञाने त्याला उद्या काय करशील असं विचारलं, तर तिथेही मन तसंच कोरं. पुढे २००९ मध्ये सौम्य अल्झायमर (डिमेन्शियाचाच सर्वांत जास्त आढळणारा प्रकार) असलेल्यांच्या अभ्यासात हेच दिसलं: आठवणी सांगताना तपशील जसे गळतात, तसेच पुढचं सांगतानाही गळतात.

(सगळ्यांचं सारखं नसतं, हेही सांगायला हवं. सिमॅन्टिक डिमेन्शियात शब्दांचे आणि वस्तूंचे अर्थच विरत जातात. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं की अशा माणसांना अलीकडचे प्रसंग बऱ्यापैकी सांगता येतात, पण पुढचा प्रसंग रंगवता येत नाही.)

पण ‘फक्त आत्तामध्ये जगतात’ हे मला पटत नाही. तुम्हीच लिहिलंय की सासूबाई दर पंधरा मिनिटांनी विचारतात, ‘मुलं कधी येणार?’ ताई, हा प्रश्न कालचा नाही, आत्ताचाही नाही. त्या कुणाची तरी वाट बघतायत. मुलं कशी येतील, आल्यावर काय होईल, हे त्यांना रंगवता येत नसेल. पण काहीतरी यायचं आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

माझ्या बाबांचं सांगते. गुरुवारी त्यांना तपासणीला न्यायचं होतं आणि मी ते सोमवारीच सांगून टाकलं. चूक माझीच. संध्याकाळपर्यंत डॉक्टर, तपासणी, गुरुवार, सगळं त्यांच्या डोक्यातून गेलं. पहाटे तीनला दिवा दिसला म्हणून खोलीत डोकावले, तर बाबा पलंगाच्या कडेला बसलेले. बुटांच्या नाड्या बांधलेल्या, उजव्या पायाची दोनदा गाठ मारलेली. हातात चौकोनी घडी घातलेला रुमाल, आणि अंगठा त्या घडीवरून सारखा फिरतोय. ‘कुठे निघालात?’ म्हटलं. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘ते नाही माहीत. पण निघायचंय.’

बेत पुसला गेला होता आणि धास्ती मागे राहिली होती. अमेरिकेतल्या आयोवामध्ये अल्झायमरच्या रुग्णांना दुःखी आणि आनंदी चित्रफिती दाखवून केलेला एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. काय पाहिलं हे विसरल्यावरही त्यांच्या मनात ती भावना टिकून होती. तो वाचताना मला बाबांचा अंगठा आठवला. ‘आत्तामध्ये सुखाने’ म्हणतो तेव्हा आपण ही धास्ती बघतच नाही. त्यांना सगळं सुटल्यासारखं वाटत असेल, असं आपणच धरून चालतो.

म्हणून आता नीट लिहिते. विचारू नका, सांगा. तुकडे आपण पुरवायचे. ‘उद्या सकाळी आपण दोघी खिडकीपाशी बसू. ऊन येतं तिथे. निळी शाल घ्यायची की पांढरी?’ शाल समोर धरायची, हाताला लागू द्यायची. त्यांनी निळीवर बोट ठेवलं, तर उद्यातली एक गोष्ट त्यांनी स्वतः ठरवली. आणि दवाखान्यासारखी धास्तीची गोष्ट निघायच्या थोडंच आधी सांगायची, तीन दिवस आधी नाही.

एका बाबतीत मात्र मी मागे हटणार नाही. आजाराच्या सुरुवातीला बरीच माणसं पुढचं बोलू शकतात: कोणते उपचार नकोत, पैशांचं कुणी बघायचं, जवळ कोण हवं. तपशील अपुरे असतील, पण कल त्यांचाच असतो. याला उद्या उरलाच नाही असं घरच्यांनी ठरवलं की हे कुणी विचारत नाही. बाबांना मी विचारलं नाही. वर्षभर ‘आत्ता कशाला’ म्हणत राहिले आणि नंतर विचारायला उशीर झाला. ते सगळं मी ठरवलं, त्यांच्या वतीने, अंदाजाने. मागचं वाक्य घाईत लिहिलं गेलं, त्यामागे हे होतं.

‘मुलं कधी येणार’ला तुम्ही काय उत्तर देता, ते नक्की कळवा. त्या रात्री मला एवढंच सुचलं: ‘निघू या. मी बरोबर आहे. उजाडू दे.’ मग मी खाली बसून नाड्या सोडल्या. बाबांनी रुमाल माझ्या हातात दिला आणि म्हणाले, ‘हा विसरू नकोस.’