आधी फ्लश, मग शॉवर

आमच्या सोसायटीच्या तक्रारवहीत गेल्या गुरुवारच्या तारखेखाली, ‘लिफ्टमध्ये पानाची पिचकारी’ आणि ‘बी विंगमध्ये कबुतरांना दाणे’ या दोन नोंदींच्या मधोमध, माझ्याविषयी निळ्या शाईत पुढील मजकूर लिहिलेला आहे : ‘सदनिका ५०३. रात्रौ ११.२०. आधी फ्लश, मग शॉवर, अंदाजे तीन मिनिटे. पाणीकपात चालू असताना. समज दिली.’ यातला फ्लश माझा नाही आणि शॉवरही माझा नाही. दोन्ही अमेरिकेतल्या एका मोटेलमधले असून १९६० सालचे आहेत. ‘समज दिली’ हे दोन शब्द मात्र सर्वस्वी माझ्या वाट्याचे आहेत आणि ते मला अजून पचलेले नाहीत.

झाले ते असे. नवरा लग्नाला नाशिकला गेला होता, मुलगी हॉस्टेलवर होती, आणि घोडबंदर रोडवरच्या आमच्या दोन खोल्या आणि हॉलच्या घरात मी चक्क एकटी होते. अशी रात्र मिळाली की मी जुने भयपट पाहते. वरणभात उरकायचा, दिवे मालवायचे आणि पाय सोफ्यावर घेऊन बसायचे. (पाय खाली सोडून भयपट पाहणारी माणसे एकतर फार धीट असतात किंवा त्यांच्या सोफ्याखाली जागाच नसते.) त्या रात्री साडेदहानंतर हिचकॉकचा ‘सायको’ लावला. आधी एकदा पाहिलेला होता, पण तोही घरात पाहुणे असताना, तुकड्यातुकड्यांत, मध्येमध्ये चहा करत. म्हणजे पाहिलेला नव्हताच.

ही आवड जुनी आहे. १९९३ साली रामसे बंधूंचा ‘झी हॉरर शो’ सुरू झाला तेव्हा मी नौपाड्याच्या चाळीत राहणारी तेरा वर्षांची मुलगी होते आणि तो कार्यक्रम आम्ही सहा पोरे एका गोधडीच्या आतून पाहत असू. रामसेंचे भूत उदार असते. ते लपून राहत नाही, भरपूर उजेडात समोर येते, चेहऱ्यावरचे रबर नीट पाहू देते आणि मगच गळा धरते. त्या भुताने माझे बालपण समृद्ध केले, याबद्दल तक्रार नाही. पण पुढे जसजसे जुने सिनेमे हाती लागत गेले तसतसे ध्यानात आले, की खरी करामत दाखवण्यात नसून न दाखवण्यात आहे. १९४९ च्या ‘महल’मध्ये अंगावर काटा येतो तो एका गाण्याने, आणि तेही का, तर ते दुरून जवळ येत जाते, त्यासाठी ध्वनिमुद्रणाच्या वेळी लताबाई लांबून गात गात मायक्रोफोनकडे चालत आल्या होत्या. ‘सायको’च्या त्या कुप्रसिद्ध शॉवरच्या प्रसंगात सुरी अंगात शिरताना जवळपास दिसतच नाही. रक्त म्हणजे चॉकलेटचे सिरप, सुरीचा आवाज खरबूज भोसकून काढलेला, वर बर्नार्ड हरमनची व्हायोलिने. आणि पाऊण मिनिटाच्या त्या हल्ल्यासाठी चित्रीकरण मात्र सात दिवसांचे. उरलेला खून प्रेक्षकाच्या डोक्याने स्वखर्चाने करायचा असतो. त्या कामासाठी डोक्याला अंधार लागतो, शांतता लागते आणि आसपास कोणी नसावे लागते. ठाण्यात या तिन्ही गोष्टी एका रात्री जमून येणे हा ग्रहणासारखा योग आहे, आणि म्हणूनच तो मोडणाऱ्यावर माझा इतका राग आहे.

आता एक स्थापत्यशास्त्रीय खुलासा. आमचा साउंडबार ज्या भिंतीला टेकून ठेवला आहे तिच्यामागे बाथरूमची डक्ट आहे, आणि ही डक्ट म्हणजे आमच्या विंगची खरी आकाशवाणी आहे. कोणाकडे गुळण्या चालल्या आहेत, कोणाचा गीझर कुरकुरतो, कोण आंघोळीला बसून हप्त्यांचा हिशेब करतो, हे सर्व तिच्यातून सातही मजल्यांना पोहोचते. हे मला ठाऊक होते, पण आपला टीव्हीसुद्धा तिच्यात बोलू शकतो, हे त्या रात्रीपर्यंत सुचले नव्हते.

पडद्यावर सर्व यथासांग पार पडले. नायिकेने कागदाचे कपटे कमोडमध्ये टाकून फ्लश केला, शॉवर सुरू केला, पडद्यामागे सावली आली, व्हायोलिने किंचाळली, नायिका किंचाळली, आणि शेवटी त्या मोरीच्या काळ्या भोकातून कॅमेरा तिच्या उघड्या, निष्प्राण डोळ्यावर आला, नेमक्या त्या क्षणी आमच्या दाराची बेल वाजली. आमची बेल गायत्री मंत्र म्हणते. १९५९ साली विल्यम कॅसल नावाच्या अमेरिकन दिग्दर्शकाने ‘द टिंगलर’ या भयपटासाठी काही चित्रपटगृहांतल्या खुर्च्यांखाली थरथरणारी यंत्रे बसवली होती म्हणतात. त्याला बिचाऱ्याला अंधारात अचानक सुरू होणारी गायत्री ठाऊक नव्हती. मी सोफ्यावरून जी उडाले ती थेट चपलांच्या रॅकपाशी उतरले.

दारात चारशेतीनचे काका उभे होते. वय सत्तरीच्या पुढे, अंगात बिनबाह्यांचा बनियन, खाली बर्म्युडा, हातात विजेरी. मी त्यांना काका म्हणते आणि ते मला वहिनी म्हणतात. हे नाते कोणत्याही वंशावळीत बसणार नाही, पण सोसायटीत चालते. ते कमिटीवर पाणी पाहतात. ‘पाहतात’ हे क्रियापद इथे शब्दशः घ्यावे, कारण टाकीचे झाकण उघडून विजेरीच्या उजेडात ते दिवसातून चार वेळा पाणी पाहत असतात. त्यांच्या मागे फेरीवर निघालेले वॉचमन, काखेत तक्रारवही.

“वहिनी, शॉवर बंद करा,” काका म्हणाले.

“शॉवर चालू नाहीये काका.”

“मी या कानांनी ऐकलाय. आधी फ्लश, मग शॉवर. खाली ऐकला, मग घड्याळ लावून वर आलो आणि इथे दाराबाहेर उभा राहूनही ऐकला. तीन मिनिटं.”

“सिनेमा चाललाय हो. तो सिनेमातला शॉवर आहे.” मग मला जरा उशिराच एक गोष्ट सुचली. “आणि बाई ओरडली ते नाही ऐकलंत?”

“ऐकलं ना. म्हटलं साहेब आले असतील नाशिकहून.”

मी त्यांच्याकडे पाहत राहिले. काकांना त्यात काही वावगे वाटले नव्हते. “घरगुती बाबतीत कमिटी पडत नाही,” त्यांनी समजावून सांगितले. “पाणी सामायिक आहे.”

यानंतर बाथरूमची पाहणी झाली. काकांनी विजेरी मारून फरशी पाहिली, भिंतीवरून बोट फिरवले, शॉवरच्या तोंडाखाली तळहात धरून ते थेंबाची वाट पाहत उभे राहिले. थेंब आला नाही. “कोरडं आहे,” ते कमालीच्या निराशेने म्हणाले, आणि मग आशेने, “पुसलंत का?” मी नाही म्हटल्यावर त्यांनी कोणत्याही चौकशी अधिकाऱ्याने विचारावे ते विचारले : “मग तो सिनेमा दाखवा.”

म्हणून मी सिनेमा मागे नेला आणि दिवे लावून, पंखा चालू करून, जगातला बहुधा सर्वांत भयंकर मानला जाणारा प्रसंग त्यांना पुरावा म्हणून दाखवला. फ्लशचा आवाज होताच काका ताडकन पुढे सरकले. “हाच! हाच आवाज!” त्या काळी अमेरिकन पडद्यावर कमोड फ्लश होताना दाखवणे हेच मुळी धाडस होते, बाईचा खून चालेल पण कमोड नको, अशी तिकडच्या सभ्यतेची समजूत होती. इतक्या वर्षांनी त्याच फ्लशने मला वहीत बसवावे, हा त्याच्या कारकिर्दीचा उत्तरार्ध म्हणायचा. काकांनी प्रसंग पुन्हा लावायला सांगितला, साक्षीदार म्हणून वॉचमनला आत बोलावले, आणि तिसऱ्यांदा लावला तो घड्याळ लावून वेळ जुळवण्यासाठी. तीनदा पाहिल्यावर कोणत्याही खुनाची नगरपालिकेची फाईल होते. वॉचमनने मात्र तिन्ही वेळा सुरी वर उठताच डोळे मिटले. त्या खोलीत हिचकॉकची लाज राखली ती त्यांनी एकट्याने.

काका डोळे मिटत नव्हते. काका पाहत होते.

“मेली ना ती?”

“मेली.”

“मग नळ कोण बंद करणार? बघा, चालूच आहे.” पुढे कॅमेरा मोरीच्या भोकाजवळ गेला तेव्हा ते उठून टीव्हीपर्यंत गेले आणि त्यांनी पडद्यावर बोट ठेवले. “याला जाळी नाही. केस जाणार, चोक होणार, खालच्याच्या छताला ओल येणार. तुमचीही अशीच आहे, मी आत्ता बघून आलो.”

त्यांना काहीतरी मोठे सांगावे म्हणून मी सांगितले, की या प्रसंगात काम केलेली जॅनेट ली हा सिनेमा पाहिल्यावर इतकी धसकली, की पुढे शॉवर टाळून टबातच आंघोळ करत असे, असे ती स्वतः सांगायची. काकांनी क्षणभर विचार केला. “टबाला पाणी जास्त लागतं,” ते म्हणाले.

हिचकॉकने १९६० साली चित्रपटगृहांना सक्त ताकीद दिली होती, की ‘सायको’ सुरू झाल्यावर कोणालाही, अगदी कोणालाही, आत सोडायचे नाही. कारण साधे होते : नावाजलेली नायिका निम्म्या सिनेमाच्या आतच मरते, आणि उशिरा आलेला प्रेक्षक ती कधी येणार म्हणून वाट पाहत बसतो. हिचकॉकला ज्या माणसाची धास्ती होती तो माणूस, इतक्या वर्षांच्या बंदोबस्तानंतर, बनियनवर माझ्या सोफ्यावर बसला होता.

“यात हिरॉइन कोण?” त्याने विचारलेच.

“हीच.”

“मग गेली की! आता काय बघायचं राहिलं?”

तरी ते उठले नाहीत, कारण तेवढ्यात वरच्या घरातून आईच्या नावाने ओरडत नॉर्मन धावत आला, आणि मग बादली व मॉप घेऊन त्याने बाथरूम साफ करायला घेतली. हा प्रसंग लांबलचक आहे. संवाद नाहीत, तो नुसता पुसत राहतो, हात धुतो, पुन्हा पुसतो. खून पाहिलेला माणूस हे पाहताना नकळत या पोराच्या बाजूचा होऊन बसतो, ही दिग्दर्शकाची थंड डोक्याची लबाडी आहे, आणि ती मला या वेळी अंधारात एकटीने अनुभवायची होती. काका खून न पाहताच बाजूचे झाले.

“कोण हा?”

“मोटेलचा मालक. आईने केलंय, हा निस्तरतोय.”

“कोपरे बघा कसे काढतोय,” काका हळू आवाजात म्हणाले. “मॉप पिळून घेतोय, वाहत्या नळाखाली नाही धरत. आईचं झाकतोय, एका शब्दाने तक्रार नाही. गुणी आहे हो मुलगा.” मग बराच वेळ काही बोलले नाहीत. “आमचा पुण्यात असतो. बादलीला हात लावत नाही.”

खाली टँकरचा हॉर्न वाजला आणि काका विजेरी घेऊन उठले. जाताना नोंद तेवढी केली. फ्लश आणि शॉवर सिनेमातले होते हे त्यांना पूर्ण पटले होते, परंतु तक्रार त्यांनी वर यायच्या आधीच मनात लिहून ठेवली होती, आणि वहीत खाडाखोड चालत नाही.

मी दिवे पुन्हा मालवले, पाय पुन्हा वर घेतले, पण काही उपयोग झाला नाही. पडद्यावर कोणीही जिना चढू लागले की मला वाटे, कठड्याला ओल आहे का बघायला चालले आहेत. शेवटी सिनेमा बंद केला, आणि भीती वाटली ती तेव्हा, भलत्याच गोष्टीची. एक बाई गळा फाडून ओरडते, ते ऐकत दाराबाहेर दोन माणसे उभी राहतात, आणि बेल वाजवतात ती पाण्यासाठी. डक्टने ती किंकाळी सातही मजल्यांना पोहोचवली असणार. इंटरकॉमवर कोणी विचारले नाही, व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणी विचारले नाही. ग्रुपवर सकाळी संदेश आला तो एवढाच, की काही सभासद रात्री दहानंतर शॉवर वापरतात असे निदर्शनास आले आहे.

नवऱ्याला फोनवर सांगितले तर तो हसत सुटला आणि म्हणाला, “हेडफोन लावायचेस ना!” भयपट हेडफोन लावून पाहणाऱ्याला पाठीमागचे काही ऐकू येत नाही, आणि पाठीमागचे ऐकू येत नसताना भयपट पाहणे कोणत्या शहाण्या माणसाला जमेल, हे त्याला समजावण्याच्या भरीस मी पडले नाही. पार्किंगमध्ये चारशेतीनच्या काकू भेटल्या, त्यांनी दंडाला हात लावून सांगितले की एकट्या बाईमाणसाने रात्री असले काही पाहू नये. गच्चीवर बारसे, डोहाळजेवण आणि कोणाच्या तरी भाच्याचा साखरपुडा रात्री साडेअकरापर्यंत ढणाणा वाजतो, त्याची नोंद वहीत शोधून सापडत नाही. कारण, मी विचारून पाहिले, तो आनंदाचा आवाज असतो. शनिवारी कमिटीने प्लंबर पाठवला. त्याने आमच्या मोरीला जाळी बसवली आणि माझ्याकडून साडेतीनशे रुपये घेतले.

काल संध्याकाळी लिफ्टमध्ये काका भेटले. हातात दुधाची पिशवी होती. मजल्यांचे आकडे बदलताना ते वर पाहत होते, मग जरा संकोचून म्हणाले, “वहिनी, त्या मुलाचं पुढे काय झालं हो? आणि आई कशी आहे त्याची?”

शेवट कोणाला सांगू नका, अशी हिचकॉकने प्रेक्षकांना विनंती केलेली आहे, आणि मी ती आजवर पाळत आले आहे.

“बऱ्या आहेत,” मी म्हटले. “तळघरात बसून असतात.”

काकांच्या कपाळाला आठी पडली. “तळघराला ओल फार असते,” ते म्हणाले, आणि चौथ्या मजल्यावर उतरले.