वेळापत्रकापेक्षा रव्याचं ताट

घरशाळेत, म्हणजे मुलांना शाळेऐवजी घरीच शिकवताना, शाळेसारखंच तासांचं वेळापत्रक ठेवा, हे एका लेखातलं म्हणणं डिस्लेक्सिया (वाचणं-लिहिणं अवघड जाणं) असलेल्या मुलांबाबत मला पटलं नाही. माझ्या मुलाला 'कि' वाचताना घाम फुटायचा, कारण वेलांटी आधी दिसते आणि ऐकू येते नंतर. त्यात 'र'ची रूपं किती, सूर्य, चक्र, ट्रक, सुऱ्या! आम्ही वही बाजूला ठेवली. ताटात रवा पसरून, मोठ्याने उच्चारत बोटाने एकच रूप गिरवायचं, दहा मिनिटं, बस. इतिहास, विज्ञान मी वाचून दाखवते, तो तोंडी सांगतो. वाचन अडलं म्हणून समज का अडवायची? दहावीची धास्ती असलेल्या पालकांनी एनआयओएसची (राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था) माहिती जरूर घ्या. तिथे पाच वर्षांत परीक्षेच्या नऊ संधी मिळतात, एकेक विषय घेऊन उत्तीर्ण होता येतं.