शब्द पाठ करायला लावणारा तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका

ऐरोलीला आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर केंब्रिजच्या सी वन ॲडव्हान्स्ड या इंग्लिशच्या परीक्षेबद्दल एक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय: 3000 अवघड शब्द पाठ करा, निबंध घोकून जा, उच्चार ब्रिटिशच हवा, ऑडिओ एकदाच ऐकवतात, आणि मराठी मीडियमवाल्यांनी नादी लागू नये. मी मराठी शाळेतली, ही परीक्षा दिलेली, त्यामुळे गप्प बसवेना.

आधी शब्दांचं. अहो, तिथे नुसता शब्द किती अवघड येतो हे बघत नाहीत, कोणता शब्द कोणाबरोबर जातो तेही बघतात. आपण चहा टाकतो, भाकरी थापतो, गप्पा मारतो, कोणी ‘गप्पा केल्या’ म्हटलं की कानाला लगेच खटकतं ना, तसंच इंग्लिशमध्ये डिसिजन ‘मेक’ करतात, ‘डू’ नाही. पहिल्या पेपरात तर एक वाक्य देतात, एक शब्द देतात आणि तो शब्द जसाच्या तसा ठेवून 3 ते 6 शब्दांत तेच म्हणणं पुन्हा मांडायला सांगतात, असे 6 प्रश्न, इथे सुटा पाठ केलेला शब्द काय कामाचा? मी ठाणे-वाशी लोकलमध्ये रोज वर्तमानपत्रातला एक लेख वाचायचे आणि शब्दांच्या जोड्या वहीत उतरवायचे, मला त्याचाच उपयोग झाला.

निबंध घोकून जाणं तर सरळ नुकसान. प्रश्नात 3 मुद्दे देतात, त्यातले 2 घेऊन 220 ते 260 शब्दांत लिहायचं, विषय सोडलात की मार्क गेले.

उच्चार समजला पाहिजे, बस. आपला मराठी वळणाचा चालतो. आणि तोंडी परीक्षा जोडीने असते, समोरच्याचं ऐकून त्याला उत्तर द्यायचं असतं, त्यामुळे पाठांतर तिथेही उघडं पडतं.

ऑडिओ दोनदा ऐकवतात. एकदाच ऐकवतात ते आयेल्ट्स या दुसऱ्या इंग्लिशच्या परीक्षेत, मेसेज लिहिणाऱ्याने दोन परीक्षांची सरमिसळ केलीय.

राहिलं मीडियम. बी विंगमधली एक मुलगी हे वाचून काल मला विचारत होती, ताई, सोडून देऊ का? अजिबात सोडू नकोस गं. माझे सरावाचे पेपर आणि ती जोड्यांची वही आज संध्याकाळी आणून देते, 7 नंतर घरी आहेस ना?